चिकित्सक बुद्धीचे शिक्षण

बंगळूर शहराच्या वायव्येस मल्लेश्वरम नावाची एक जुनी वसाहत आहे. १८९८ साली त्या शहरात प्लेगची साथ आली, दाट वस्तीच्या पेठांतून माणसे बाहेर पडली, आणि मोकळ्या हवेच्या नव्या वसाहती वसविण्याचे संस्थान सरकारने मनावर घेतले. उत्तरेकडे मल्लेश्वरम आणि दक्षिणेकडे बसवनगुडी या जुळ्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. सरळ रुंद रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रमांकांचे आडरस्ते, घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या सफाईच्या गल्ल्या, ही आखणी आजही वाढत्या गर्दीतून ओळखू येते. वसाहत अशी नव्या काळातील असली तरी तिचे नाव मात्र जुने आहे. तेथील एका उंचवट्यावर काडु मल्लेश्वराचे देवालय आहे. ‘काडु’ या कानडी शब्दाचा अर्थ रान. एकेकाळी रानात असलेल्या या मल्लेश्वरावरून साऱ्या वसाहतीला नाव मिळाले.

मराठी माणसाला या देवालयाविषयी विशेष जवळीक वाटते, आणि तिला कारणही तसेच आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. शहाजीराजे १६६४ साली निवर्तल्यानंतर त्यांचे पुत्र एकोजी, म्हणजेच शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, यांचा अंमल तेथे चालू राहिला. त्यानंतर ते तंजावरास गेले व तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन झाले. तेव्हा पुण्याहून किंवा बेळगावहून आलेला पाहुणा मल्लेश्वरमला गेला की यजमान त्याला देवालयात नेतो आणि अभिमानाने सांगतो, “हे मंदिर एकोजीराजांनी बांधले.” हेच वाक्य अनेक माहितीपत्रकांत आढळते, आणि पाहुणाही ते घेऊन आपल्या गावी परततो.

आता त्या देवालयाच्या परिसरातील शिलालेख काय सांगतो ते पाहावे. हा लेख १६६९ सालचा आहे. मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी नावाचे गाव दान दिले, असे त्यात नमूद आहे. आज जेथे भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे, त्याच बाजूस हे गाव होते असे मानले जाते. लेखात दान आहे, दात्याचे नाव आहे, देवाचे नाव आहे, गावाचेही नाव आहे. मग “मंदिर बांधले” हे कोठून आले? दान देणे ही एक गोष्ट झाली आणि बांधणे ही दुसरी. पहिलीला दगडाचा आधार आहे. दुसरी आपण, बहुधा नकळत आणि प्रेमापोटी, तिच्याशेजारी नेऊन बसविली.

शिक्षणाविषयीच्या विवेचनात एका देवालयाची ही हकीगत कशासाठी, असे कोणी विचारील. विद्यार्थ्यांना चिकित्सक विचार करावयास शिकवावे, असे अलीकडे सर्वच जण म्हणतात. शासनाचे अहवाल म्हणतात, शिक्षक-परिषदांतील वक्ते म्हणतात, पालकही म्हणतात. परंतु तो विचार म्हणजे नेमके काय आणि वर्गाच्या चार भिंतींत तो शिकवावयाचा कसा, हे विचारले की उत्तरे धूसर होतात. काहींच्या मते चिकित्सा म्हणजे दोष काढणे. काहींच्या मते ती हुशार मुलांची चैन आहे. आणि काहींना ती उद्धटपणाची पहिली पायरी वाटते. आपल्या बोलभाषेनेही या गैरसमजास थोडा हातभार लावला आहे, कारण जेवणात खोड्या काढणाऱ्या माणसाला आपण “फार चिकित्सक आहे हो” असेच म्हणतो. वास्तविक चिकित्सा हा वैद्याचा शब्द आहे. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मग निदान करतो. रोग्यावर अविश्वास असतो म्हणून काही तो तपासत नाही. न तपासता औषध देणे घातक, म्हणून तपासतो. विचाराच्या बाबतीतही चिकित्सेचा अर्थ एवढाच आहे की समोर आलेले विधान कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहावे, आणि तो आधार जेवढा भार पेलील तेवढेच त्यावर ठेवावे.

आपल्या नेहमीच्या वर्गात हा शिलालेख आला तर त्याचे काय होते? पाठ्यपुस्तकात एक ओळ येते, शिक्षक ती वाचून दाखवितात, मुले तिच्याखाली रेघ ओढतात. परीक्षेत “काडु मल्लेश्वराचे मंदिर कोणी बांधले?” असा एका गुणाचा प्रश्न पडतो आणि “एकोजीने” या उत्तराला तो गुण मिळतो. यात कोणाचीही लबाडी नाही. शिक्षक प्रामाणिक आहेत, मुलेही मेहनती आहेत. तरी या साऱ्या व्यवहारात विचार असा कोणीच केलेला नाही.

हाच पाठ वेगळ्या रीतीने घेता येईल. आठवीचा वर्ग आहे अशी कल्पना करावी. बंगळुरातील वर्ग असल्यामुळे त्यात कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी अशा अनेक घरांतली मुले आहेत. शिक्षक फळ्यावर तीन रकाने आखतात. पहिल्यावर लिहितात, “लेखात काय आहे?” दुसऱ्यावर, “त्यावरून आपण काय काढले?” आणि तिसऱ्यावर, “खात्री होण्यास आणखी काय हवे?” मग शिलालेखातील मजकूर साध्या भाषेत वाचून दाखवितात आणि “मंदिर कोणी बांधले?” असा प्रश्न टाकतात.

एक मराठी मुलगा ताडकन उठतो. “सर, एकोजीराजांनी.” शिक्षक त्याला चूक म्हणत नाहीत आणि बरोबरही म्हणत नाहीत. ते विचारतात, “हे कोणत्या रकान्यात लिहू?” मुलगा पहिला रकाना सांगतो. वर्गातील दुसरे कोणी म्हणते की लेखात ‘बांधले’ असा शब्दच आलेला नाही. मुलगा कागद पुन्हा वाचतो आणि त्याचा चेहरा उतरतो. घरी आजोबांनी ज्या अभिमानाने ही गोष्ट सांगितली होती, तो अभिमान त्या एका शब्दावर अडकलेला असतो. हा क्षण नाजूक असतो. येथे शिक्षकाने मुलाला हसू दिले तर तो पुन्हा कधी हात वर करणार नाही; आणि त्याला बरे वाटावे म्हणून “असेल, असेल, एकोजींनीच बांधले असेल” असे म्हटले तर पाठ संपला.

शिक्षक म्हणतात, “दुसऱ्या रकान्यात लिहू या. हे अनुमान आहे. अनुमान करणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र ते अनुमान आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.”

आता एक कानडी मुलगी उठते. तिला या चर्चेत थोडा आनंद झालेला आहे. ती म्हणते, “म्हणजे मंदिर एकोजींनी बांधलेच नाही, आमच्याच लोकांनी आधी बांधले होते.” शिक्षक तिलाही तोच प्रश्न विचारतात. हे कोणत्या रकान्यात? ‘बांधले नाही’ असे तरी लेखात कोठे आहे? वर्ग क्षणभर शांत होतो. लेख जसा बांधल्याचे सांगत नाही तसाच न बांधल्याचेही सांगत नाही, हे मुलांच्या ध्यानात येते. मराठी मुलाचे वाक्य आणि कानडी मुलीचे वाक्य, दोन्ही दुसऱ्या रकान्यात शेजारीशेजारी बसतात. आणि पहिल्यांदाच ती दोन मुले एकमेकांविरुद्ध न बोलता एकाच प्रश्नाविषयी बोलू लागतात.

हळूहळू तिसरा रकाना भरू लागतो. कोणी म्हणतो, लेखात देवाला “मल्लपुरचा मल्लिकार्जुन” म्हटले आहे. त्याअर्थी दानाच्या वेळी तो देव त्या नावाने ओळखला जात असला पाहिजे. हे अनुमान मागच्या दोन्हींपेक्षा बळकट आहे, कारण ते लेखातील शब्दाला धरून आहे. पण दुसरा शंका काढतो की देव जुना असला तरी आजची इमारत नंतरची असू शकेल. कदाचित दान देणाऱ्यानेच जीर्णोद्धारही केला असेल. मग खांबांची घडण पाहावी लागेल, जवळपासची त्या काळची देवळे ताडून पाहावी लागतील, आणखी लेख शोधावे लागतील. जुन्या म्हैसूर संस्थानातील हजारो शिलालेख बी. एल. राईस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोळा करून छापले, त्यांतील बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ साली निघाला, ही माहिती शिक्षकांनी येथे पुरविली म्हणजे इतिहास कोणाच्या कपाटातून कसा बाहेर येतो याची मुलांना कल्पना येते. तास संपतो तेव्हा “कोणी बांधले?” या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर नसते. परंतु त्या उत्तरासाठी काय काय लागेल याची यादी असते, आणि ती मुलांनी स्वतः केलेली असते.

हा पाठ काळजीपूर्वक पाहिला तर चिकित्सक विचाराचे घटक त्यात सुटे करून दाखविता येतात. पुरावा आणि अनुमान यांतील भेद ओळखणे, हा पहिला. एकाच पुराव्यावरून एकाहून अधिक अनुमाने निघू शकतात हे पाहणे, हा दुसरा. त्यांपैकी कोणते अधिक बळकट व का, हे ठरविणे, हा तिसरा. आणि आपल्याला जे उत्तर आवडते त्यालाही हीच कसोटी लावणे, हा चौथा. पहिले तीन घटक सरावाने येतात. चौथा मात्र कठीण, कारण तेथे बुद्धीबरोबर मनही पणास लागते. परक्याच्या समजुतीची चिकित्सा करण्यास फारसे धैर्य लागत नाही. कसोटी आपल्या घरातील देव्हाऱ्यापर्यंत, आपल्या भाषेच्या अभिमानापर्यंत आली म्हणजेच ती खरी लागते.

याच देवालयासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा पाठ तयार आहे. तेथे नंदीतीर्थ नावाचे स्थान आहे. काळ्या पाषाणाच्या नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते व खालच्या पायऱ्यांच्या कुंडात जाते. मातीखाली गाडले गेलेले हे स्थान १९९७ साली खणून मोकळे करण्यात आले. तेव्हापासून त्याच्याविषयी दोन गोष्टी तोंडोतोंडी आणि अलीकडे मोबाइलवरून दूरवर पसरल्या आहेत. एक, हे स्थान सात हजार वर्षांपूर्वीचे आहे. दोन, ते पाणी कोठून येते हे कोणालाही ठाऊक नाही.

पहिल्या विधानाला मुलांनी काय विचारावे? “सात हजार हा आकडा कशावरून काढला?” घडीव दगडाच्या कुंडाचे वय एक तर लेखावरून, नाही तर घडणीवरून, नाही तर त्याच्याबरोबर सापडलेल्या वस्तूंवरून ठरते. सात हजार वर्षांपूर्वी दक्षिण भारतात लोखंडाची हत्यारे होती याला पुरावा नाही. मग हा कठीण दगड असा रेखीव कोणी आणि कशाने घडविला? याचे उत्तर मिळत नाही तोवर आकडा संशयित राहतो, आणि समोरच्या देवालयाचा सतराव्या शतकातील लेख पाहता हे स्थानही त्याच सुमाराचे असण्याची शक्यता कितीतरी अधिक दिसते. तरीही स्थान चारशे वर्षांचे ठरल्याने त्याचे पावित्र्य किंवा सौंदर्य कमी होत नाही, हेही मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे. मोठा आकडा ही भक्तीची गरज नव्हे.

दुसऱ्या विधानात शब्दांचा घोटाळा आहे. “कोणालाही ठाऊक नाही” आणि “अजून कोणी नीट शोधलेले नाही” ही दोन वाक्ये ऐकावयास सारखी, अर्थाने फार वेगळी. पहिले वाक्य दार बंद करते, दुसरे उघडते. जवळच सँकी तलाव आहे. पाणी तेथून झिरपत येत असेल असे कोणी सुचविते. हे सुचविणे चांगलेच आहे, कारण ते तपासता येते. तलाव भरलेला असताना आणि तो उतरल्यावर धारेत फरक पडतो काय? दोन्ही पाण्यांतील क्षार सारखे आहेत काय? शिवाय सँकी तलाव १८८२ सालचा आहे. नंदीतीर्थ त्याहून जुने असेल तर मुळात त्याचे पाणी त्या तलावातून आलेले असणे शक्य नाही. निदान आरंभीचा उगम तरी निराळा असला पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलाला हा तर्क सहज करता येतो. फक्त दोन सनावळ्या त्याच्यासमोर एकत्र ठेवाव्या लागतात.

विज्ञानातील चिकित्सेचे उदाहरणही मल्लेश्वरमला दुरून आणावे लागत नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आले. मल्लेश्वरममधील ‘पंचवटी’ हे त्यांचे घर. त्यापूर्वी, १९२१ साली, ते इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला की हा रंग येतो कोठून. या प्रश्नाचे उत्तर तेव्हा उपलब्ध होते, आणि तेही लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मान्यवर शास्त्रज्ञाचे. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे ते उत्तर. एवढ्या मोठ्या नावापुढे सामान्य माणूस थांबला असता. रामन यांनी खिशातील निकोलचा लोलक काढला. पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश विशिष्ट कोनातून पाहिल्यास या लोलकाने बाजूस सारता येतो. निळाई केवळ प्रतिबिंबाची असती तर लोलकातून ती नाहीशी व्हावयास हवी होती. ती नाहीशी झाली नाही, उलट अधिक खुलून दिसली. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. पुढील सात वर्षे प्रकाशाच्या विकिरणावर काम करीत १९२८ साली रामन ज्या शोधापर्यंत पोचले, त्याला १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट शाळेत सांगितली जाते, पण बहुधा पारितोषिकाची गोष्ट म्हणून. तिचे मर्म मधल्या वाक्यात आहे. ‘असे असते तर तसे दिसावयास हवे होते.’ अनुमानातून त्याचा परिणाम काढावयाचा आणि तो परिणाम प्रत्यक्षाशी पडताळून पाहावयाचा, ही रीत नंदीतीर्थाच्या पाण्याला लागू पडते तशीच समुद्राच्या रंगालाही. रॅले यांचा अनादर न करता रामन यांनी त्यांचे म्हणणे तपासले. आदर आणि तपासणी एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे मुलांना दाखविण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

चिकित्सा ही पाश्चात्त्य विद्येबरोबर आलेली वस्तू आहे, असाही एक समज आहे. आपल्याकडील न्यायशास्त्राची साधी ओळख असलेला माणूस असे म्हणणार नाही. दुसऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यावयाचे तर ते प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अंगांनी मांडावे, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. येथेही तसाच धूर आहे. म्हणून येथे अग्नी आहे. नैयायिक येथे थांबले नाहीत. ज्याला हेतू समजलो तो केवळ हेतूचा आभास तर नव्हे, म्हणजे धूर समजलो ते धुके तर नव्हे, याची त्यांनी पद्धतशीर वर्गवारी केली. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा छोटा ग्रंथ तर मुद्दाम नवशिक्यांसाठी लिहिलेला आहे आणि तो सामान्यतः सतराव्या शतकातील, म्हणजे साधारण एकोजींच्या काळाच्या आसपासचा, मानला जातो.

त्याच परंपरेने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडीत राहणे ही वितंडा. शाळांतील वक्तृत्वस्पर्धा मुलांना बहुतेक वेळा जल्प शिकवितात, कारण तेथे ढाल जिंकावयाची असते आणि विषयाची बाजू चिठ्ठी टाकून मिळालेली असते. वर्गातील चर्चा मात्र वाद व्हावी लागते. त्यासाठी एक साधा नियम ठेवता येतो. दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखविल्याखेरीज त्याला उत्तर द्यावयाचे नाही. या एका नियमाने वर्गातील आवाज खाली येतो आणि ऐकणे वाढते.

हे सारे प्रत्यक्षात आयुष्यभर आचरणारा एक शिक्षक बंगळूरने पाहिला आहे. मल्लेश्वरमच्या जुळ्या वसाहतीत, बसवनगुडीत, नॅशनल कॉलेज आहे. तेथे डॉ. एच. नरसिंहय्या १९४६ पासून पदार्थविज्ञान शिकवीत. १९२० साली गौरीबिदनूर तालुक्यातील एका खेड्यात, गरीब घरी त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या चळवळीत विद्यार्थी असताना त्यांनी तुरुंगवास भोगला. अखेरपर्यंत ते खादी वापरीत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहात. १९६२ साली त्यांनी बंगळूर सायन्स फोरम सुरू केले आणि विज्ञानावरील व्याख्याने सर्वसामान्यांसाठी खुली केली. प्रश्न विचारल्याशिवाय कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९७६ साली, चमत्कार व अंधश्रद्धा यांची शास्त्रीय तपासणी करण्यासाठी त्यांनी एक समिती नेमली. त्यावर देशभर वादळ उठले. ज्यांची तपासणी व्हावयाची त्यांपैकी काहींच्या अनुयायांना हा अपमान वाटला. नरसिंहय्यांचे म्हणणे असे की तपासणी मागणे म्हणजे खोटे ठरविणे नव्हे. २००५ साली ते निवर्तले. त्यांच्या राहणीकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की प्रश्न विचारणारा माणूस उर्मटच असला पाहिजे असे नाही. तो अत्यंत साधा, त्यागी आणि विद्यार्थ्यांवर माया करणाराही असू शकतो.

त्याच वर्षी, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत घातली गेली. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि शोधक व सुधारक वृत्ती यांचा विकास करणे हे त्यांतील एक कर्तव्य होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चिकित्सक विचाराला महत्त्वाचे स्थान दिले आहे. म्हणजे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण आहे ती वर्गात, आणि तिचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

शिक्षकांची पहिली अडचण वेळेची. पन्नास-साठ मुले, चाळीस मिनिटांचा तास आणि संपवावयाचा अभ्यासक्रम. प्रत्येक धडा वर वर्णिल्याप्रमाणे घेणे अशक्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु महिन्यातून एक धडा असा घेता येतो, आणि उरलेल्या तासांत एक छोटी सवय पाळता येते. ती म्हणजे थांबण्याची. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून पाहिली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तेवढ्यात पाठ केलेले उत्तर येऊ शकते, विचार केलेले येत नाही. शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, मागच्या बाकांवरील मुले बोलू लागली, आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. तीन सेकंदांना पैसा लागत नाही आणि शासनाची मंजुरीही लागत नाही.

दुसरी अडचण माहितीची. चिकित्सा म्हणजे माहितीला रजा, असा काही उत्साही मंडळींचा समज दिसतो. माहिती तर आता मोबाइलवर मिळते, पाठांतर कशाला, असे ते म्हणतात. पण वरील पाठांत काय घडले ते पाहावे. सँकी तलाव १८८२ चा हे ठाऊक नसते तर त्या मुलाला तर्क करता आला असता काय? लोखंडाचा काळ ठाऊक नसताना सात हजारांच्या आकड्याची शंका तरी कशी यावी? विचाराला खाद्य लागते आणि ते ज्ञानाचेच असते. म्हणून चिकित्सेचा स्वतंत्र तास ठेवण्यापेक्षा इतिहासाच्या तासाला इतिहासाची आणि विज्ञानाच्या तासाला विज्ञानाची चिकित्सा शिकविणे अधिक फलदायी होय.

तिसरी अडचण परीक्षेची, आणि ती सर्वांत मोठी. मुले चतुर असतात. गुण कशाला मिळतात ते ओळखून ती तेवढेच करतात. वर्षभर शिक्षकाने थांबून प्रश्न विचारले आणि अखेरीस “मंदिर कोणी बांधले?” हाच प्रश्न एका गुणाला पडला, तर सारे श्रम वाया गेले. त्याऐवजी शिलालेखाचा मजकूर प्रश्नपत्रिकेतच छापून, “यावरून निश्चितपणे कोणते विधान करता येते, कोणते करता येत नाही, आणि का?” असे विचारता येईल. असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही आणि नक्कल करूनही फारसा सुटत नाही. तपासणाऱ्याला थोडे अधिक श्रम पडतील, एवढेच.

चौथी अडचण भीतीची आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. मुले प्रश्न विचारू लागली तर एखाद्या दिवशी शिक्षकालाच उत्तर येणार नाही. त्या दिवशी “हे मला ठाऊक नाही, आपण पाहू या” असे म्हणणारा शिक्षक कमीपणा घेत नाही. साऱ्या वर्षात न झालेला एक पाठ तो त्या एका वाक्यात देतो. घरांतही हीच भीती असते. प्रश्न विचारणारा मुलगा उद्या वडीलधाऱ्यांना उलट बोलेल, असे आईवडिलांना वाटते. पण प्रश्नाची पद्धत शिकलेला मुलगा “आजोबा, तुम्ही खोटे सांगितले” असे म्हणत नाही. तो “आजोबा, हे तुम्हाला कोणी सांगितले?” असे विचारतो. या दुसऱ्या प्रश्नात आजोबांना बोलावयास जागा असते, आणि नातवाला त्यांच्या बालपणापर्यंत जाण्याची वाटही.

आज ही गोष्ट पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे. पूर्वी अफवेला गावाची वेस ओलांडावयास दिवस लागत. आता एखादा मजकूर, एखादे चित्र, एखाद्या जमातीविषयीचे विधान क्षणात लाखो हातांत पोचते. बनावट छायाचित्र व बनावट आवाज तयार करणेही सोपे झाले आहे. पुढच्या पिढीला प्रत्येक खोट्या मजकुराचे उत्तर आधीच शिकवून ठेवणे कोणत्याही शाळेला शक्य नाही. फळ्यावरचे ते तीन रकाने मात्र तिच्या मनात आखून देता येतील. ते एकदा पक्के आखले गेले की मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी अंगठा क्षणभर थांबतो. समाजाच्या दृष्टीने तो क्षण फार मोलाचा आहे.

मल्लेश्वरमच्या त्या मराठी मुलाकडे शेवटी पुन्हा वळावयास हवे. त्याच्या अभिमानाचे काय झाले? तो तास संपल्यावर त्याच्याजवळ पूर्वीचे वाक्य राहिलेले नाही. परंतु एक खरे वाक्य राहिले आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी राजाने कानडी मुलखातील देवाला एक गाव दान दिले, आणि ते दगडावर कोरलेले आहे. हे वाक्य कोणीही तपासावे, त्याला धक्का लागणार नाही. पुढच्या वेळी पुण्याहून पाहुणा आला तर तो त्याला देवालयात नेईल, लेखाचे सारे सांगेल, आणि मग म्हणेल, “मंदिर कोणी बांधले ते मात्र अजून शोधावयाचे आहे.” पाहुण्याला कदाचित क्षणभर चुकल्यासारखे वाटेल. पण गावी परतताना तो एका तयार उत्तराऐवजी एक चांगला प्रश्न बरोबर नेईल. आणि त्या मुलाबरोबर लेखाचा कागद पुन्हा वाचणारी ती कानडी मुलगीही त्याच प्रश्नाच्या शोधात असेल.